फेल झालं ते औषध

"जो आजार घरात आहे, तो टेबलावर घेऊ नकोस," मॅडम म्हणाल्या होत्या.

मॅडम म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. माझ्या ताईच्या छातीत गाठ निघाली त्याच आठवड्यात त्यांनी मला बोलावून घेतलं. यकृताच्या पेशींचं काम सुरू होतंय, तिकडे जा, स्तनाच्या पेशी दुसरं कोणीतरी सांभाळेल, असं त्यांचं म्हणणं. मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, मॅडम, घर वेगळं आणि काम वेगळं, संध्याकाळी कोट खुंटीला अडकवला की संपलं. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "खुंटीला कोट अडकतो," त्या म्हणाल्या, "डोकं नाही अडकत."

कोट रोज खुंटीला राहिला. डोकं मात्र माझ्याबरोबर घरी येऊ लागलं, आणि आता त्यात जो राग शिरलाय तो काही केल्या बाहेर पडत नाही. म्हणून लिहायला बसलेय. शेजारच्या खोलीत मुलगी झोपलीये. दर दहा ओळींनी उठून तिचा श्वास चालू आहे ना ते बघून येते. तीन वर्षांची आहे, दिवसभर घरभर फिरते म्हणून तिला भिंगरी म्हणतो. तिच्या श्वासाला काहीही झालेलं नाही. माझा स्वभावच तसला.

ताई माझ्याहून बरीच मोठी. ती गाडी चालवायला शिकवते. तिच्या गाडीत ब्रेक दोन, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक तिच्या. अर्ध्या शहराला तिने रस्त्यावर आणलं, पण सख्ख्या बहिणीपुढे हात टेकले. मला स्टिअरिंग धरलं की सगळीकडे अपघातच दिसतात. "तू आरशात इतकं बघतेस," ताई म्हणते, "की समोरून ट्रक आला तर तो मागे गेल्यावर तुला कळेल." तिचे विद्यार्थी तिला मास्तरीणबाई म्हणतात. कोणावर ती ओरडत नाही. चूक झाली की गप्प बसते, आणि ते गप्प बसणं ओरडण्यापेक्षा जास्त लागतं.

भावोजी शाळेतल्या मुलांना फुटबॉल शिकवतात. त्यामुळे गाठ निघाली तेव्हा त्यांच्या लेखी ती गाठ नव्हती, मॅच होती. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना बैठकीच्या खोलीत बसवलं आणि जाहीर केलं की आजपासून या घरात निगेटिव्ह काही बोलायचं नाही. मग निळे टी-शर्ट आले, छातीवर ‘आम्ही जिंकणार’ छापलेले. भिंगरीचा तिच्या घोट्यापर्यंत आला. आईने जन्मात टी-शर्ट घातला नव्हता, तिने नेहमीच्या कपड्यांवरून चढवला आणि फोटोसाठी उभी राहिली, तोंड असं की कोणीतरी पकडून आणलंय. तेव्हा मलाही बरं वाटलं होतं. घरात कोणीतरी जोरात बोलणारं असावं, असं वाटतंच ना अशा वेळी.

आधी औषध देऊन गाठ लहान करायची, मग ऑपरेशन, असं ठरलं. औषध लाल रंगाचं. लहान मुलांच्या खोकल्याचं असतं ना, अगदी तसं लाल. नर्स ते जाड सिरिंजमध्ये भरून आणते आणि शेजारी बसून हळूहळू हाताने शिरेत सोडते. त्या वॉर्डात त्याला सगळे ‘लाल’च म्हणतात. "आज लाल आहे का?" "हो, आज लाल." दुसऱ्या डोसनंतर ताईची गाठ मऊ पडली, आक्रसली. भावोजींनी वॉर्डातच टाळ्या वाजवल्या. पलीकडच्या खुर्चीतल्या आजोबांनीही वाजवल्या, कशासाठी ते माहीत नसताना.

तेच लाल औषध माझ्या टेबलावरही असतं. तपकिरी बाटलीत, वर चमकता कागद गुंडाळून, कारण त्याला उजेड चालत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली विशिष्ट दिवा लावला की ते आपोआप चमकतं. पेशीने ते आत घेतलं की तिचं केंद्रक निखाऱ्यासारखं दिसतं, आणि मग ती मरते. बघायला फार सुंदर. असं म्हणायची लाज वाटते, पण आहे ते आहे.

आमच्याकडे स्तनाच्या कर्करोगाच्या दोन तऱ्हेच्या पेशी आहेत, काचेच्या बशांत वाढवलेल्या. एकींना आम्ही भोळ्या म्हणतो. लाल दिलं की त्या निमूट मरतात. दुसऱ्या बेरकी. त्यांना कित्येक महिने लाल औषधाचे थेंब पाजून पाजून वाढवलंय, इतकं की आता त्या त्यात पोहतात. बेरकीच्या अंगावर बारीक बारीक पंप असतात. औषध दारातून आत आलं की पंप त्याला मागच्या पावली बाहेर काढतो.

इथवर ठीक होतं. एखादी पेशी बेरकी निघाली, ती आपल्यापुरती वाचली, समजू शकते. माझं डोकं फिरलं ते पुढच्या गोष्टीने.

पेशी आपल्या अंगातून सारख्या बारीक पिशव्या बाहेर सोडत असतात. पुस्तकात त्यांना पुटिका म्हणतात. केसाच्या जाडीत शेकडो मावतील इतक्या लहान. आम्ही पुड्या म्हणतो, आणि आमचा धाकटा संशोधक रोज सकाळी तोच विनोद करतो, की बेरकीने आज भरपूर पुड्या सोडल्या. या पुड्यांत काय असतं? बेरकीच्या पुडीत पंप असतो, तयार. पंप कसा बांधायचा याची कृतीही असते. कधी कधी खुद्द औषधच असतं, कचऱ्यासारखं बांधून बाहेर टाकलेलं. आणि ही पुडी तरंगत तरंगत शेजारच्या भोळीकडे जाते. भोळी ती आत घेते. का घेते विचारू नका, शेजारणीने दिलेलं घेतो तसं घेते.

माझं काम ते सिद्ध करायचं. बेरकी ज्यात वाढतात ते पाणी काढायचं, नळीत भरून यंत्रात गरगर फिरवायचं, खाली बसलेला कचरा टाकायचा, पुन्हा जोरात फिरवायचं, आणि शेवटी मोठ्या यंत्रात, जे सुरू झालं की खोलीतली फरशी पायाखाली बारीक थरथरते. पुड्या नळीच्या तळाला एका बाजूला जाऊन बसतात. दिसत नाहीत. काहीच दिसत नाही. म्हणून नळी आत ठेवण्याआधी बाहेरच्या अंगाला मार्करने ठिपका द्यायचा आणि नंतर त्या ठिपक्यावर विश्वास ठेवून नेमकी तेवढीच जागा धुऊन घ्यायची. ते धुवण भोळ्यांना पाजायचं. मग थांबायचं. मग लाल द्यायचं.

भोळ्या मेल्या नाहीत. सगळ्या नाही, पण खूपशा जगल्या. दिव्याखाली बघितलं तर केंद्रकं काळी होती, आणि लाल रंग पेशीच्या कडेकडेला ठिपक्या-ठिपक्यांनी साचला होता, दाराशी बांधून ठेवलेल्या सामानासारखा. पुड्या काढून टाकलेलं नुसतं पाणी दिलं तेव्हा मात्र त्या मुकाट मेल्या. म्हणजे जे काही होतं ते पुड्यांतच होतं.

"छान," मॅडम म्हणाल्या. "पुन्हा कर."

पुन्हा केलं. पुन्हा तेच. धाकट्याने माझ्याशी हात मिळवला. मी हात धुवायला गेले आणि नळ चालू ठेवून तिथेच उभी राहिले. प्रत्येक भोळीला आपलं आपण शिकावं लागलं असतं तर ताईसारख्या बायकांना वेळ मिळाला असता. यांनी शिकवणी उघडली होती. आणि ज्यांच्यावर राग काढावा अशा त्या कोण, तर हातात न येणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या, आपल्याच अंगातल्या. कोणाच्या नावाने बोटं मोडायची?

त्याच आठवड्यातल्या रविवारी आम्ही ताईकडे गेलो. तिचा लालचा पुढचा डोस गुरुवारी होता. ताई खूप हसत होती. आल्या आल्या हसली, आईच्या प्रत्येक वाक्यावर हसली, भावोजींच्या त्याच त्या विनोदांवर हसली, ज्यांना ती एरवी "पुरे रे" म्हणते. भिंगरी तिच्या अंगावर चढायला गेली तर तिने तिला अलगद डाव्या मांडीवर घेतलं. भिंगरी उजवीकडे सरकली, तिने पुन्हा डावीकडे घेतलं. हवेत उकाडा होता आणि तिच्या शर्टचं गळ्याशी असलेलं शेवटचं बटणसुद्धा लावलेलं होतं.

आणि ती मान वळवत नव्हती. आईने मागून हाक मारली तर ताई कमरेपासून सगळीच्या सगळी फिरली, कपाट फिरावं तशी.

ही ती बाई, जिचं अर्धं आयुष्य "आरसा बघा आणि मग मान वळवून बघा" हे सांगण्यात गेलंय. मी चहाचा कप हातात तसाच धरून बसले.

"ताई, मला जरा गाडी शिकव," मी म्हटलं.

"आज?" भावोजी म्हणाले. "वा. हाच तो स्पिरिट."

बाजारामागच्या मोकळ्या मैदानाच्या कडेला मी गाडी थांबवली. थांबवली म्हणजे बंद पडली.

"क्लच," ताई म्हणाली.

"मान दुखते का तुझी?"

"रस्त्याकडे बघ."

"गाडी उभी आहे."

"मग उभ्या रस्त्याकडे बघ."

"ताई, बटण काढ."

ती गप्प बसली. तेच तिचं ते गप्प बसणं. मग तिने समोरच्या काचेकडे बघत वरचं बटण काढलं, त्याच्या खालचंही काढलं. उजवीकडे, गळ्याखालच्या हाडाच्या वरच्या खळग्यात गोटीएवढी गाठ होती. मी बोट लावलं. टणक होती आणि जागची हलत नव्हती.

"कधीपासून?"

"गेल्या डोसच्या आधीपासून."

"डॉक्टरांनी हात लावून बघितलं नाही?"

"डोसच्या आधी रक्त बघतात. बाकी सगळं माझा नवराच सांगतो, एकदम फर्स्ट क्लास आहे म्हणून. मग डॉक्टर म्हणतात छान, चालू ठेवू."

"आणि तू?"

"मी हसते."

"भावोजींना का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? त्याने शाळेतल्या पोरांना सांगितलंय, आमची बाई आघाडीवर आहे. पोरांनी मोठं कार्ड केलंय, सह्या करून." ती बटण लावायला लागली. "आणि चूक माझीच आहे गं. आई म्हणालेली ना, मनात वाईट आणू नकोस, औषध अंगी लागत नाही. मी आणलं. अंघोळ करताना रडले. एकदा नाही, बरेचदा. एकदा तर असं वाटलं, की नको आता हे सगळं. त्यानंतरच ही आली." तिने गाठीवर बोट ठेवलं, एखाद्या वात्रट विद्यार्थ्याला दाखवावं तसं. "म्हणून मी ठरवलंय, गुरुवारचा डोस नीट घ्यायचा. अगदी मनापासून. हसत. म्हणजे लागेल."

मला पहिल्यांदा कळलंच नाही ती काय म्हणतेय. मग कळलं. ती महिनाभर जे हसत होती, ते औषधाला लाच म्हणून हसत होती. गाठ लपवून, मान न वळवता, एका रिकाम्या औषधाला आणखी एक संधी द्यायला निघाली होती, कारण ते चालेनासं झालं याचा दोष तिने स्वतःच्या अंघोळीतल्या रडण्याला दिला होता. आणि तिला हे शिकवलं कोणी? आम्ही. टी-शर्ट घालून.

मी स्टिअरिंगवर हात आपटला. हॉर्न वाजला. मैदानातला एक कुत्रा उठून दुसरीकडे जाऊन झोपला.

"ओरडू नकोस," ताई म्हणाली.

"मी ओरडत नाहीये."

"हॉर्न ओरडला मग."

मी तिला सांगितलं. सगळंच सांगितलं, भोळ्या आणि बेरकी, पंप, पुड्या, ठिपक्याची नळी, कडेला साचलेला लाल रंग. ती मध्ये मध्ये प्रश्न विचारत होती, अगदी नीट, शिकवणाऱ्या माणसाला पडतात तसे.

"म्हणजे या बेरकी बायका क्लास घेतात," ती म्हणाली.

"हो."

"आणि दुसरा ब्रेक कोणाच्या पायाखाली असतो?"

"कोणाच्याच नाही."

"फुकट शिकवतात?"

"फुकट."

"धंदा कसा करायचा ते माझ्याकडून शिका म्हणावं त्यांना." मग तिने विचारलं, "माझ्यात असंच झालंय?"

इथे खोटं बोलायचा मोह झाला, कारण ‘हो’ म्हटलं असतं तर तिचं ओझं तिथल्या तिथे उतरलं असतं. "माहीत नाही," मी म्हटलं. "बशीत असं होतं, एवढंच मी बघितलंय. तुझ्यात हे असेल, दुसरं काही असेल, दोन्ही असेल. औषधाला चकवायचे रस्ते त्यांच्याकडे पुष्कळ आहेत. पण त्यातल्या एकाही रस्त्यावर तुझं रडणं उभं नाही, ताई. पंपाला तुझा मूड कळत नाही."

तिचे डोळे भरून आले. पुसले नाहीत.

"तुला का नाही सांगितलं माहितेय?" ती म्हणाली. "तू आताशा माझ्याकडे बशीत बघितल्यासारखं बघतेस."

मी गाडी सुरू केली. पुन्हा बंद पडली.

"सरक," ताई म्हणाली. "मी घेते."

गुरुवारी मी रजा टाकली आणि त्यांच्याबरोबर गेले. डॉक्टरांची खोली लहान, टेबल, कॉम्प्युटर, तपासायचा पलंग, त्यावर कुरकुरणारा कागद. डॉक्टर तरुण होते, डोळ्यांखाली काळं, बाहेर बाकं भरलेली. त्यांनी स्क्रीनवरून नजर न काढता विचारलं, "काय म्हणताय?"

"फर्स्ट क्लास," भावोजी म्हणाले. अंगात निळा टी-शर्ट होताच. "भूक चांगली, झोप चांगली, मूड एक नंबर. आज चौथा गोल मारायचाय."

"भावोजी, थांबा," मी म्हटलं.

"रक्तही चांगलं आलंय, मी रिपोर्ट बघितला."

"भावोजी, तिला विचारलंय."

"अगं, मी तेच सांगतोय ना तिच्या वतीने."

"तिला तोंड आहे."

ताईने वरचं बटण काढलं. बटण निघायला फार वेळ लागला. भावोजी तिच्या गळ्याकडे बघत राहिले. त्यांचं तोंड अर्धं उघडंच राहिलं होतं, जणू पुढचं वाक्य अजून आत होतं.

डॉक्टर उठले. तिला पलंगावर घेतलं, मान, काख, छाती, सगळं सावकाश चाचपलं. हात धुतले. खुर्चीत बसून टाइप करता करता शेजारच्या सहायक मुलीला म्हणाले, "लालला पेशंट फेल. पुढच्या लाइनच्या औषधाला घ्या."

इतके दिवस आत कोंडलेलं सगळं त्या दोन शब्दांवर येऊन फुटलं.

"परत म्हणा," मी म्हटलं.

"काय?"

"कोण फेल?"

"बोलायची पद्धत आहे ती, मॅडम. आम्ही सगळे असंच बोलतो."

"मग सगळ्यांचीच पद्धत वाईट आहे. ही बाई सांगाल त्या वेळेला आली. हात पुढे करून बसली. केस गेले, नखं काळी पडली, जिभेची चव गेली, तरी परत आली. औषध आत गेलं आणि त्याला बाहेर काढलं गेलं. यात ती नापास कुठे झाली? जे चाललं नाही त्याला फेल म्हणा. घरी आमची आई हिला सांगते मन खंबीर ठेव म्हणजे औषध लागेल, आणि इथे तुम्ही शिक्का मारता की पेशंट फेल. मग ही गाठ लपवेल नाही तर काय करेल?"

आवाज बाहेर गेला असावा. दार थोडं उघडलं आणि पुन्हा लागलं. डॉक्टर माझ्याकडे बघत होते. चिडले असते तरी मला चाललं असतं, मी तयारच होते.

"तुम्ही कुठे काम करता?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. कशावर तेही.

"त्या पुड्या. वाचलंय थोडंफार." त्यांनी खुर्ची मागे सरकवली. "त्या बंद करायचं औषध आहे तुमच्याकडे?"

"नाही."

"माझ्याकडेही नाही." मग ते ताईकडे वळले, पहिल्यांदाच सरळ तिच्याकडे. "ऐका. लाल औषध फेल झालं. ते हृदयालाही जड असतं, ठरावीक प्रमाणापलीकडे देताच येत नाही. आज पुन्हा दिलं असतं तर उगाच दिलं असतं. तुम्ही दाखवलंत ते बरं केलंत. आधी स्कॅन करू, मग दुसरं औषध आहे, वेगळ्या पद्धतीने काम करणारं. ते चालेल का हे आत्ता सांगता येत नाही."

"चालेल," भावोजी सवयीने म्हणाले, आणि स्वतःच थांबले.

बाहेर येऊन ते बाकाच्या टोकाला बसले. मी उभीच होते. माझा राग अजून संपला नव्हता आणि समोर दुसरं कोणी नव्हतं.

"मला सांगितलं नाही तिने," ते म्हणाले.

"सांगायला जागा ठेवलीत? घरात वाईट बोलायचं नाही म्हणालात. मग तिने वाईट कुठे नेऊन ठेवायचं?"

"मग काय करायला हवं होतं मी? तोंड पाडून बसायचं?"

"तोंड बंद करून बसायचं होतं. तिच्या शेजारी."

त्यांनी टी-शर्टच्या कडेला आलेला दोरा ओढायला सुरुवात केली. शिवण उसवत गेली. "हरणाऱ्या पोरांना कसं उठवायचं ते मला येतं," ते म्हणाले. "दुसरं काही येतच नाही मला." मोठा माणूस, रुंद खांद्यांचा, आणि इतका लहान आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मला त्यांची दया यायला हवी होती. ती मला दोन दिवसांनी आली.

ताई कागद घेऊन बाहेर आली. आमच्या दोघांकडे बघितलं. "भांडून झालं असेल तर निघू या," ती म्हणाली. "गाडी हिच्या हातात देऊ नका. आजच्यापुरतं पुरे झालंय मला."

नवं औषध पाण्यासारखं आहे, रंग नाही, वास नाही, बाटलीतून थेंब थेंब उतरतं. गळ्याशी असलेली गाठ आहे तेवढीच आहे. वाढलेली नाही. लहान झाली असं मी म्हणणार नाही, कारण झालेली नाही. ऑपरेशन होईल की नाही ते अजून कोणी सांगत नाही. ताई आता घरात रडते. परवा तिने चमचा भिंतीवर फेकला. आई म्हणाली, "अगं, मन खंबीर ठेव," तर ताई म्हणाली, "आई, ते तू ठेव, माझ्याकडे आज जागा नाही." आई दुखावली, स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटत बसली. भावोजी गप्प राहायला शिकताहेत. दर पाच मिनिटांनी त्यांचं तोंड उघडतं आणि मिटतं.

आणि माझं चाललंय, चालवते आहे. आमचा लेख तयार झाला, त्याच्या शेवटी मॅडमनी लिहिलं की या पुड्यांमुळे उपचाराची नवी दिशा खुली होते. मी म्हटलं, ते वाक्य काढा. दिशा आहे, रस्ता नाही, माणसं त्या दिशेकडे बघत बघत मरतात. त्या म्हणाल्या, असं लिहिल्याशिवाय पुढच्या कामाचे पैसे मागायला कोणी दारात उभं करत नाही. वाक्य राहिलं. मी अंघोळ करताना स्वतःची छाती चाचपते, रोज. मग भिंगरीला अंघोळ घालते आणि तिच्या इवल्याशा सपाट छातीकडे बघताना मला जे वाटतं ते मी लिहिणार नाही.

वॉर्डात खिडकीजवळच्या खुर्चीत एक बाई असते. तिशीची असेल. तिच्याबरोबर नेहमी पाच-सहा माणसं, फुगे, फोटो, गलका. तिचा भाऊ सगळ्यांना सांगतो, आमची वाघीण आहे. ती सारखी हसते, आणि हसताना डाव्या कुशीला हात दाबून धरते. नर्स काही विचारायला आली की कुटुंबच उत्तर देतं. मी दोनदा तिच्या खुर्चीपर्यंत गेले आणि परत आले. मी तिची कोणी नाही. त्या गराड्यात तिसऱ्यांदा शिरेन, पण त्याने एकाच बाईची विचारपूस होईल.

तुमची कोणीतरी असेल. बहीण, नणंद, ऑफिसातली मैत्रीण, कोणाची मामी, जी प्रत्येक फोनवर "मी मस्त" म्हणते आणि लगेच तुमची चौकशी करते. आज जा तिच्याकडे. फोन नको, समोर जा. घरातल्या माणसांना काहीतरी निमित्त काढून बाहेर पाठवा, कोणी टाळ्या वाजवायला नको. ‘कशी आहेस’ विचारू नका, त्याचं उत्तर तिचं पाठ आहे. कुठे दुखतंय ते विचारा, आणि ते डॉक्टरांना सांगितलंय का ते विचारा. तिची चूक नाही हे आधी सांगा. मग गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागेल. तोवर उठू नका.